हेड ट्रॅकिंग आणि हड: आधी डोळा जागेवर, मग कर्व्ह

फ्लाइट सिममध्ये मान हलवली की दृश्य हलवणारा हेड ट्रॅकर आला, जोडला, कुठून तरी तयार कर्व्ह (मान किती वळली की दृश्य किती वळावं हे ठरवणारी रेषा) उचलली आणि थेट उड्डाण. सरळ जाताना सगळं छान वाटतं. लँडिंगला मात्र हडमधला (हेड-अप डिस्प्ले, म्हणजे वैमानिकासमोरच्या काचेवर आकडे आणि चिन्हं दाखवणारं यंत्र) फ्लाइट पाथ मार्कर, म्हणजे विमान खरोखर कुठे चाललंय ते दाखवणारं चिन्ह, चौकटीखाली गडप होतो, आकडे थरथरतात, उजवीकडे बघून पुन्हा समोर आलं की अर्धा हड रिकामा दिसतो. मग स्मूदिंग, म्हणजे हालचालीतले बारीक धक्के गाळणं, वाढवलं जातं. थरथर जाते, पण मान वळवल्यावर दृश्य रेंगाळत मागून येऊ लागतं. त्यावर उपाय म्हणून कर्व्ह आणखी तीव्र केली जाते आणि थरथर परत येते.

यात ट्रॅकरचा दोष क्वचितच असतो. चुकतो तो क्रम. डोळा दोन सेंटीमीटर इकडेतिकडे सरकला तरी कॉकपिटमधल्या बाकी घड्याळांना काही फरक पडत नाही, हडला पडतो. म्हणून आधी डोळ्याची जागा, मग सरकण्याचे अक्ष, त्यानंतर वळण्याचे अक्ष आणि स्मूदिंग अगदी शेवटी. ट्रॅकआयआरसारखा तयार ट्रॅकर असो, ओपनट्रॅक या सॉफ्टवेअरवर चालणारा वेबकॅम असो किंवा टोपीला लावलेले तीन एलईडी असोत, क्रम हाच. ट्रॅकर जोडलेला आहे आणि सिममध्ये निदान हलतो आहे, एवढं गृहीत धरून पुढचं लिहिलंय.

## हात लावण्याआधी: हड कसा वागतो

खऱ्या हडची चिन्हं काचेवर रंगवलेली नसतात. प्रोजेक्टरचा प्रकाश समांतर करून, म्हणजे कॉलिमेट करून, काचेवरून डोळ्याकडे वळवलेला असतो. त्यामुळे ती चिन्हं अनंत अंतरावर असल्यासारखी दिसतात. काच ही खिडकी समजा आणि चिन्हं खिडकीपलीकडच्या आकाशात लिहिलेली. डोकं डावीकडे सरकवलं तरी मार्कर ज्या डोंगरावर होता त्याच डोंगरावर राहतो. चौकटीच्या तुलनेत मात्र तो सरकतो, आणि फार सरकलात तर चौकटीबाहेर जाऊन दिसेनासा होतो.

डोळा ज्या जागेत असला की हड नीट दिसतो, तिला आय बॉक्स म्हणतात. आधुनिक हडमध्ये ही जागा साधारण १३ सेंमी रुंद, ७.५ सेंमी उंच आणि १५ सेंमी खोल असते. तिन्हींत उंची सगळ्यात तोकडी आहे. वर-खाली सरकण्याच्या अक्षाला, म्हणजे वायला, सगळ्यात कडक का ठेवायचं याचं कारण हेच.

आणखी एक आकडा लागेल. लढाऊ विमानांच्या हडचा एकूण आवाका साधारण २० ते २५ अंशांचा असतो, म्हणजे मध्यापासून दहा-बारा अंश. एवढा भाग मान न वळवता नुसती नजर फिरवून वाचता येतो. मधल्या भागात ट्रॅकरने कॅमेरा हलवायची गरजच नसते.

## १. ट्रॅकर बंद करा, आधी झूम ठरवा

ट्रॅकआयआर पॉज करा किंवा ओपनट्रॅक थांबवा. सिममधले डोकं हलवणारे सगळे इफेक्ट बंद करा: डीसीएसमध्ये जी-फोर्समुळे डोकं हलण्याचा पर्याय, एक्स-प्लेनमध्ये हेडशेकसारखं प्लगइन, मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये कॅमेऱ्याचं हलणं. हे नंतर परत चालू करता येतील. पण ते चालू ठेवून मांडणी केलीत तर थरथर ट्रॅकरची की इफेक्टची, हे कधीच कळणार नाही.

आता फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर किती अंशांचं दृश्य मावतं ते. २७ इंची रुंद मॉनिटर साधारण ६० सेंमी रुंद असतो. ७० सेंमीवरून बघितलं तर तो तुमच्या डोळ्यासमोरचे सुमारे ४६ अंश व्यापतो. सिममध्ये ७५ अंश ठेवले, तर पडद्याच्या मधली प्रत्येक वस्तू खऱ्या मापाच्या साधारण ५६ टक्के दिसते. ९० अंशांना ४३ टक्के. हडमधले आकडे वाचता येत नाहीत म्हणून स्क्रीनकडे वाकणारे लोक बहुधा ९० अंशांवर उडत असतात.

माझा कल ६५ ते ७५ अंशांकडे. आजूबाजूला बघायला ट्रॅकर आहेच, मग समोरचं दृश्य उगाच रुंद कशाला ठेवायचं? वेगवेगळी सिम्स हा आकडा वेगवेगळ्या प्रकारे दाखवतात: एक्स-प्लेनमध्ये तो ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आडव्या अंशांत मिळतो, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये झूमची टक्केवारी दिसते. आकडा कुठलाही असो, एकदा ठरवलात की पुढच्या सगळ्या पायऱ्या होईपर्यंत त्याला हात लावू नका. झूम बदलला की कर्व्हचा अनुभवही बदलतो.

सावध: एक्स-प्लेनमध्ये कॉकपिट काढून फक्त हड दाखवणारा वेगळा व्ह्यू आहे. तो हड पडद्याला चिकटलेला असतो, विमानाच्या काचेला नाही. मांडणीची चाचणी त्या व्ह्यूमध्ये करू नका. थ्रीडी कॉकपिटमध्ये करा.

## २. डोळ्याची उंची

ट्रॅकर अजून बंदच.

१. विमान स्वच्छ हवेत, कमी उंचीवर, सरळ आणि समतल उडवा. ऑटोपायलट लावा आणि सिम पॉज करा.

२. व्ह्यू सेंटर करा, म्हणजे नजर सरळ पुढे येईल.

३. कीबोर्डने डोळा वर-खाली सरकवा. एक्स-प्लेन आणि फ्लाइट सिम्युलेटरमध्ये बाणांच्या की चालतात. डीसीएसमध्ये उजवा कंट्रोल आणि उजवा शिफ्ट दाबून नमपॅड वापरायचा. विमानात सीटची उंची बदलण्याचं बटण असेल तर तेही चालेल.

४. हडमधली वरची आणि खालची दोन्ही टोकं दिसतील अशी जागा शोधा. पुढे-मागे सरकूनही बघा. डोळा काचेच्या जवळ गेला की खिडकीतून जास्त भाग दिसतो.

५. ही जागा जतन करा. डीसीएसमध्ये उजवा ऑल्ट आणि नमपॅडचा शून्य. एक्स-प्लेनमध्ये कंट्रोलसह नमपॅडचा आकडा, म्हणजे क्विक लुक. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि आकडा. परत बोलवायला ऑल्ट आणि तोच आकडा.

काही विमानांत एका जागेवरून पूर्ण हड दिसतच नाही. तेव्हा वरचा भाग सोडा, खालचा वाचवा. कारण लँडिंग. एफ-१८ ची ऑन-स्पीड, म्हणजे लँडिंगच्या योग्य वेगाची, अँगल ऑफ अटॅक (नाकाची दिशा आणि विमान जातंय ती दिशा यांतला कोन) ८.१ अंश असते, एफ-१६ ची अकरा ते तेरा. नाक जिथे रोखलंय त्याच्या तेवढेच अंश खाली विमान खरोखर जात असतं, आणि फ्लाइट पाथ मार्कर तिथेच, हडच्या पार तळाशी बसतो. डोळा खाली असेल तर खिडकी वर गेल्यासारखी होते आणि नेमका तोच भाग कापला जातो. क्रूझमध्ये सुंदर दिसणारा हड फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, निकामी होतो तो यामुळे. ट्रॅकरला दोष देण्याआधी सीट दोन सेंटीमीटर वर घेऊन बघा.

तपासा, कॉलिमेशन आहे का: मार्कर किंवा दुसरं कुठलंही चिन्ह दूरच्या एखाद्या शिखरावर किंवा टॉवरवर येईल असं विमान ठेवा. पॉज करा. कीबोर्डने डोळा चार-पाच सेंटीमीटर डावीकडे सरकवा. चिन्ह शिखरावरच राहिलं आणि चौकट हलली, तर हड कॉलिमेटेड आहे. चिन्ह काचेबरोबर सरकलं आणि शिखर सुटलं, तर या विमानाचा हड नुसता काचेवर रंगवलेला आहे. उत्तर लिहून ठेवा, सहाव्या पायरीत लागेल.

ही चाचणी जमिनीवर, समोरच्या हँगरकडे बघून केली तर निकाल फसवा येतो. २० मीटरवरची भिंत डोळा पाच सेंटीमीटर सरकल्यावर ०.१४ अंश सरकलेली दिसते. चांगला, कॉलिमेटेड हडही तेव्हा चुकल्यासारखा वाटतो. निदान दोन किलोमीटर दूरचं काहीतरी निवडा.

## ३. कॅमेरा आणि उजेड

इथे फार वेळ घालवायचं कारण नाही, पण ढिलाई चालत नाही. कॅमेरा मॉनिटरच्या वर, बरोबर मध्यावर, घट्ट. बाजूला लावलेला कॅमेरा मान वळवली की तिरकं मोजतो आणि यॉबरोबर (डावं-उजवं वळणं) थोडा रोलही (मान बाजूला कलणं) घुसवतो. खुर्चीची उंची आणि पाठ लॉक करा. मागे रेलणाऱ्या खुर्चीत अर्ध्या तासात डोकं पाच-सहा सेंटीमीटर मागे गेलेलं असतं, आणि ते लक्षातही येत नाही.

इन्फ्रारेडवर चालणाऱ्या ट्रॅकरचे शत्रू म्हणजे खिडकीतलं ऊन, तारेचा जुना बल्ब आणि चकाकणाऱ्या वस्तू, चष्म्याची दांडीसुद्धा. सॉफ्टवेअरच्या कॅमेरा व्ह्यूमध्ये बघा: डोक्यावर लावलेल्या क्लिपचे तीन ठिपके सोडून चौथा ठिपका दिसता कामा नये. दिसत असेल तर थ्रेशोल्ड (ठिपका धरण्यासाठी लागणारी किमान चमक) वाढवा किंवा तो उजेड झाका.

वेबकॅमचं उलटं. त्याला उजेड हवा, आणि तो समोरून, सारखा. अंधारात वेबकॅम आपोआप एक्सपोजर लांबवतो आणि ३० फ्रेम्सचे १५ करून टाकतो. ट्रॅकर रात्रीच अडखळतो अशी तक्रार असेल तर आधी फ्रेम रेट बघा.

## ४. मॉडेल आणि फिरण्याचं केंद्र

ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात. हड अर्धा रिकामा दिसण्याचं सगळ्यात मोठं कारण इथेच आहे.

कॅमेरा तुमचं डोकं बघत नाही, क्लिपचे ठिपके बघतो. क्लिप हेडसेटच्या डाव्या बाजूला, डोक्याच्या मध्यापासून १२ सेंमीवर असेल, तर मान २० अंश वळवल्यावर ती क्लिप सुमारे चार सेंटीमीटर पुढे किंवा मागे जाते. टोपीच्या पुढच्या कडेवर, दहा सेंटीमीटर पुढे असेल, तर तीच मान तिला साडेतीन सेंटीमीटर बाजूला नेते. सॉफ्टवेअरला क्लिप कुठे आहे हे नीट सांगितलं नाही, तर ते समजतं की तुम्ही सरकलात. आय बॉक्स बाजूला सहा-साडेसहा सेंटीमीटरच आहे. त्यातली निम्मी जागा नुसत्या मान वळवण्यात गेली.

ट्रॅकआयआरमध्ये परावर्तक पट्ट्यांची साधी क्लिप आणि एलईडीची प्रो क्लिप यांची नोंद वेगवेगळी आहे. तुमच्याकडे आहे तीच निवडलेली आहे ना, बघा. ओपनट्रॅकच्या पॉइंट ट्रॅकरमध्ये क्लिप, कॅप किंवा कस्टम असा प्रकार निवडून मापं मिलिमीटरमध्ये भरायची असतात. मापं पट्टीने घ्या; अंदाजाने भरलेल्या मापांनी अंतरच चुकतं. मग मॉडेल पोझिशनच्या भागात कॅलिब्रेशन सुरू करा, खांदे स्थिर ठेवून मान सावकाश डावी-उजवी, वर-खाली फिरवा आणि कॅलिब्रेशन बंद करा.

तपासा: खुर्चीला पाठ टेकवा, मान फक्त २० अंश डावीकडे आणि मग उजवीकडे वळवा. ओपनट्रॅकच्या खिडकीतले एक्स, वाय आणि झेडचे कच्चे आकडे एक-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त हलता कामा नयेत. थोडं हलणारच, कारण माणसाची मान काही बिजागरी नाही. तीन-चार सेंटीमीटर हलत असतील तर पुढे जाऊ नका. मापं पुन्हा घ्या.

ओपनट्रॅकमधलं रिलेटिव्ह ट्रान्सलेशन सध्या बंद ठेवा. नजर जिकडे असेल त्याप्रमाणे सरकण्याची दिशा वळवणारा हा पर्याय मागे बघताना उपयोगी आहे, पण मांडणी चालू असताना तो चुका लपवतो.

## ५. सेंटर करण्याची की

ट्रॅकआयआरची सेंटर की मुळात एफ१२ असते आणि पॉजची एफ९. स्टीमचा स्क्रीनशॉटही एफ१२ वरच असतो, आणि डीसीएसमध्ये एफ९ आणि एफ१२ दोन्ही बाहेरच्या व्ह्यूंच्या की आहेत. म्हणून सेंटर जॉयस्टिकच्या अशा बटणावर घ्या जे न बघता दाबता येतं. की शोधायला मान खाली घातलीत आणि तेव्हाच सेंटर दाबलंत, तर तीच वाकलेली मान शून्य समजली जाते.

सेंटर दाबताना हेडसेट घातलेला हवा, हात स्टिक आणि थ्रॉटलवर हवेत आणि नजर हडच्या मध्यावर हवी. टॅक्सी सुरू करताना एकदा आणि फायनलवर वळण्याआधी एकदा, असं दोनदा दाबण्याची सवय लावून घ्या.

सावध: ट्रॅकर आधी सुरू करा, सिम नंतर. कित्येक सिम्स ट्रॅकर आहे का हे सुरू होतानाच बघतात. सिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवत असाल तर ट्रॅकरचं सॉफ्टवेअरही तसंच चालवा. नाहीतर सिममध्ये गेल्यावर की चालत नाहीत.

## ६. आधी सरकणं: एक्स, वाय, झेड

आता ट्रॅकर चालू करा, पण यॉ, पिच (मान वर-खाली वळणं) आणि रोल बंद ठेवा. वळणं नसताना सरकणं तपासायला विचित्र वाटतं, पण चूक कुठल्या अक्षात आहे हे असंच कळतं. एकेक अक्ष चालू करा, दिशा उलटी नाही ना बघा, मग पुढचा.

वाय, वर-खाली. मधला अर्धा ते एक सेंटीमीटर डेडझोन, म्हणजे तेवढ्या हालचालीने दृश्य हलायचं नाही. त्यापुढे खरं दहा सेंटीमीटर सरकल्यावर सिममध्ये तीनच सेंटीमीटर. ७.५ सेंमीच्या खिडकीत याहून जास्त मोकळीक परवडत नाही. खुर्चीत नीट बसून घेतलं तरी डोकं दोन सेंटीमीटर वर-खाली होतंच.

एक्स, डावं-उजवं. मधले तीन-चार सेंटीमीटर एकास एक किंवा त्याहून कमी. त्यापुढे कर्व्ह उभी केली तरी चालेल, कारण तेवढं वाकता तेव्हा तुम्ही कॅनोपीच्या पट्टीमागचं विमान शोधत असता, हड वाचत नसता.

झेड, पुढे-मागे. इथे गोंधळ फार. पुढे वाकणं आणि झूम करणं वेगळं आहे. झूमने हड आणि बाहेरचं जग दोन्ही सारख्या प्रमाणात मोठं होतं. झेडने डोळा काचेजवळ जातो: कॉलिमेटेड हडमध्ये चिन्हांचं माप तेच राहतं, फक्त चौकट मोठी होऊन जास्त चिन्हं दिसतात. आकडे वाचायला झूम हवा, हडच्या कडेची चिन्हं दिसायला झेड. डीसीएसमध्ये ट्रॅकरचा झेड अक्ष पुढे-मागे सरकण्याऐवजी झूमला जोडता येतो. मी तसं करत नाही. मान जराशी पुढे आली की दृश्य फुगतं, आणि वळणात अंतराचा अंदाज जातो. झूमला स्वतंत्र बटण बरं.

दुसऱ्या पायरीत हड काचेवर रंगवलेला निघाला असेल तर नियम बदलतो. अशा हडमध्ये डोळ्याची एकच जागा बरोबर असते. तिथून हललात की मार्कर चुकीच्या जागी बोट दाखवतो, आणि पुढे वाकलात की पाच अंशांच्या रेषाही पाच अंशांच्या राहत नाहीत. त्या विमानासाठी एक्स आणि वायला पहिल्या चार सेंटीमीटरपर्यंत सपाट डेडझोन द्या आणि झेड बंद करा. बाकी ट्रॅकर चालू राहू दे.

तपासा: कॉलिमेशनची मघाची चाचणी आता डोक्याने करा. मार्कर शिखरावर ठेवून खरोखर डावीकडे-उजवीकडे सरका. नेहमीच्या बसण्याच्या हालचालीत एकही चिन्ह चौकटीबाहेर जाता कामा नये.

## ७. मग वळणं: यॉ, पिच, रोल

आता यॉ चालू करा. सुरुवातीला हे बिंदू घ्या आणि मग आपल्या सवयीने बदला:

- खरं वळण २ अंश, सिममध्ये शून्य
- ५ अंश, सिममध्ये ५
- १० अंश, सिममध्ये २५
- २० अंश, सिममध्ये ८०
- ३० अंश, सिममध्ये १४०

मधला दोन अंशांचा सपाट भाग हडसाठी आहे. पाच अंशांपर्यंतचा सौम्य उतारही त्याचसाठी. सपाट भाग सहा-सात अंशांचा करायचा मोह होतो, कारण हड खिळल्यासारखा दिसतो. पण मग त्या कडेवर दृश्य हिसका देऊन सुटतं. वळणात नजर फायनलच्या रेषेवर नेताना हा हिसका फार खुपतो. कोपरे गोल ठेवा.

३० अंशांपलीकडे मान वळवायची वेळ येऊ नये. मॉनिटरची कड मध्यापासून २३ अंशांवर आहे; त्याहून जास्त वळलात की डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघावं लागतं.

पिचला वर आणि खाली वेगळी कर्व्ह हवी. ओपनट्रॅकमध्ये त्यासाठी असिमेट्रिक मॅपिंगचा पर्याय आहे. खाली मल्टिफंक्शन डिस्प्लेकडे जायला थोडी मान पुरली पाहिजे, म्हणून खालची कर्व्ह तीव्र. पण पहिले तीन अंश सपाटच. लँडिंगला नजर हडच्या तळाशी जाते आणि तिच्यामागे मानही नकळत झुकते. तेवढ्याने दृश्य खाली घसरलं तर धावपट्टी वर सरकते आणि तुम्ही विनाकारण स्टिक ओढता.

रोलने हड आणि क्षितिज दोन्ही बरोबरच तिरके होतात, म्हणून मार्कर चुकत नाही. तरी विमान कललंय की मान, हा प्रश्न मेंदूला पडू नये. शून्य ठेवा, फारच मोकळेपणा हवा असेल तर एक तृतीयांश.

टोबीचा आय ट्रॅकर वापरत असाल तर एक्स्टेंडेड व्ह्यूमधला नजरेचा वाटा शून्यावर आणा आणि फक्त डोक्यावर चालवा. नाहीतर हडच्या कोपऱ्यातला वेग वाचायला नजर गेली की कॅमेराही निघतो.

## ८. स्मूदिंग, आत्ता कुठे

१९२० पिक्सेल रुंद पडद्यावर ७५ अंश असतील, तर मध्यावर एका अंशाला साधारण २२ पिक्सेल येतात. म्हणजे ०.१ अंशाची थरथरही हडला दोन पिक्सेल नाचवते. हडच्या रेषा मुळात एक-दोन पिक्सेलच जाड, त्यामुळे इतर कुठे न दिसणारी थरथर इथे डोळ्यात भरते.

ओपनट्रॅकचा ॲक्सेला फिल्टर घ्या. त्यात वळणाचं आणि सरकण्याचं स्मूदिंग वेगळं असतं. सरकण्याचं भरपूर ठेवा. डोकं सरकायला तसाही वेळ लागतो आणि तिथला उशीर जाणवत नाही. वळणाचं मात्र शून्याजवळून सुरू करून हडचे आकडे स्थिर होईपर्यंतच वाढवा, आणि तिथे थांबा.

तपासा: ३० अंश मान झटक्यात वळवून परत आणा. मान थांबल्यावरही दृश्य सरकत राहिलं तर स्मूदिंग जास्त झालंय. ते कमी केल्यावर थरथर परत येत असेल तर उपाय फिल्टरमध्ये नाही. तिसऱ्या पायरीकडे, उजेडाकडे परत जा.

## ९. उड्डाणात खात्री

समतल उड्डाणात हडची क्षितिजरेषा खऱ्या क्षितिजावर बसते का, हे सगळेच बघतात आणि दहा हजार मीटरवर बघून घाबरतात. तिथे ती बसणारच नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे तेवढ्या उंचीवरून दिसणारं क्षितिज हडच्या शून्यरेषेपेक्षा साधारण ३.२ अंश खाली असतं. ३०० मीटरवर हा फरक अर्ध्या अंशाच्या आसपास असतो. चाचणी खाली करा, शक्यतो समुद्रावर. डोंगर क्षितिज झाकतात.

मग एक पूर्ण सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची फेरी, घ्या. डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, मान वळवून धावपट्टी बघा, परत समोर या: हड पूर्ण दिसतो का? तीन अंशांच्या ग्लाइडस्लोपवर, म्हणजे उतरण्याच्या तिरक्या वाटेवर, मार्कर टचडाउनच्या जागेवर ठेवा. ती जागा क्षितिजरेषेच्या तीन अंश खाली दिसली पाहिजे. आता मुद्दाम थोडे सरका, जरा वाका. मार्कर धावपट्टीवरच्या त्या जागेवरून हलला नाही, तर मांडणी जमली.

बिघाड दिसला तर सगळं खोडून नव्याने सुरू करू नका. फक्त लँडिंगला मार्कर कापला जातो: दुसरी पायरी. मान वळवून परत आल्यावर हड रिकामा: चौथी. सुरुवातीला ठीक आणि तासाभराने बिघडतो: खुर्ची आणि सेंटर. मार्कर जगावरून घसरतो पण चौकटीत पूर्ण दिसतो: हड कॉलिमेटेड नाही, सहावीचा शेवटचा भाग.

## १०. हेल्मेटचा डिस्प्ले असेल तर

एफ-१६ आणि एफ-१८ मध्ये हडसोबत हेल्मेटवरही चिन्हं असतात. ती डोक्याला बांधलेली असल्यामुळे ट्रॅकरची प्रत्येक चूक थेट त्यांच्यात उतरते. हडवर नजर आली की हेल्मेटची चिन्हं आपोआप लपतात. हे ब्लँकिंग बंद असेल तर चालू करा. नाहीतर दोन आकडे एकमेकांवर पडतात आणि हड बिघडला असं वाटतं.

दुसरी अडचण कर्व्हच्या टोकाला येते. वर दिलेल्या बिंदूंत २० ते ३० अंशांदरम्यान एका अंशाचे सहा होतात. म्हणजे ०.१ अंशाची थरथर तिथे ०.६ अंश होते, आणि खांद्यामागच्या विमानावर हेल्मेटचं वर्तुळ टिकत नाही. मागचं टोक १४० ऐवजी ११० वर आणलंत तर तेच सहाचे तीन होतात. पाठीमागचं थोडं कमी दिसेल, पण लॉक लागेल.

शेवटी प्रोफाइल विमानाच्या नावाने जतन करा, कारण डोळ्याची उंची आणि कॉलिमेशनचं उत्तर दर विमानाला वेगळं असतं. नवीन विमान आलं की फक्त दुसरी आणि सहावी पायरी पुन्हा करायची. यॉ आणि पिचच्या कर्व्ह सगळीकडे त्याच ठेवा, नाहीतर मानेची सवय दर विमानात मोडेल.